हादरा बसल्यावर कोण शिकतं?

सोलापुरातून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की उळे, कासेगाव मागे पडतं आणि वीसेक किलोमीटरवर जिल्हा बदलतो. धाराशिव जिल्ह्यात शिरल्याबरोबर लागणारं मोठं गाव म्हणजे तामलवाडी. गाडीवाल्यांना ते टोलनाक्यामुळे माहीत, भाविकांना चहाच्या थांब्यामुळे आणि आसपासच्या शेतकऱ्यांना पोलीस ठाण्याचं गाव म्हणून. चौपदरी रस्ता झाल्यापासून बहुतेक गाड्या इथून वेग न कमी करता निघून जातात.

संपादकांनी यंदा विषय दिला तो ‘संकटात संस्था कशा शिकतात’ असा. असा विषय हाती आला की माणूस पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडे, त्यांच्या घरून चाललेल्या कचेऱ्यांकडे वळतो. मला मात्र हा रस्ता आठवला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या पट्ट्यानं भूकंप पाहिला, एकामागून एक दुष्काळ पाहिले, टाळेबंदी पाहिली. २०२५च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातल्या परंडा-भूम भागात पुरानं शेतातली माती खरडून नेली. सरकार, बँका, सेवाभावी संस्था, महिला मंडळं, देवस्थानं, रेल्वे, सगळ्यांना या भागानं कामाला लावलं. त्यातलं कोण काय शिकलं आणि शिकलेलं टिकलं का, हे पाहायला तामलवाडीपासून सुरुवात करावी असं ठरवलं.

गावात शिरलं की जुन्या आणि नव्या घरांची सरमिसळ दिसते. रस्त्याकडेला स्लॅबची घरं आणि दुकानांचे गाळे; आत, गल्लीत, अजून दगडी भिंतीची, माळवदाची एखाददुसरी वास्तू. काही ठिकाणी जुन्या दगडी घराला चिकटून विटा-सिमेंटची एक नवी खोली उभी असते. मराठवाड्याच्या या भागात ही अशी जोडखोली गावोगाव दिसते. तिच्यामागे एक मोठी गोष्ट आहे. तिच्याकडे येऊच.

कोजागिरीचा रस्ता

आधी या रस्त्याचं एक वार्षिक रूप सांगायला हवं. दसरा झाला की तुळजाभवानी मंचकी निद्रेला जाते आणि अश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या पौर्णिमेसाठी सोलापुरातून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं पायी निघतात. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. त्या दोन-तीन दिवसांत वाहतूक दुसऱ्या मार्गानं वळवली जाते आणि हा सगळा रस्ता चालणाऱ्यांचा होतो.

हे चालवतं कोण, असं विचारलं तर एका नावाचं उत्तर मिळत नाही. वाहतूक पोलीस वळवतात, एसटी जादा गाड्या सोडते, आरोग्य खातं पथकं बसवतं. पण चहा, केळी, खिचडी, पाणी, पायाला लावायला तेल, फोड आलेल्यांना पट्टी हे सगळं रस्त्याकडेची मंडळं करतात. बहुतेक मंडळांची जागा ठरलेली असते. कुठल्या वळणावर कोण बसणार, पाण्याचा टँकर कुठून येणार, भांडी कोणाकडे, रात्री अडीचला कढई कोण उतरवणार, यातलं काही कागदावर नसतं. सगळ्यांना ठाऊक असतं, कारण गेल्या वर्षीही तसंच झालेलं असतं.

संकटाच्या काळात संस्था शिकतात, असं आपण म्हणतो, तेव्हा संकट येण्यापूर्वी त्यांच्या हाताला काय वळण होतं हे विसरतो. मध्यरात्री रस्त्यावर हजारोंना खाऊ घालण्याची सवय असलेला हा टापू आहे. १९९३च्या भूकंपाच्या सकाळी सोलापूर-तुळजापूर भागातून मदत झटकन निघाली, त्यामागे ही सवय होती असं मला वाटतं.

मदतीचीच अडचण

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती गेले होते. विसर्जनाहून उशिरा परतून लोक झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर भागात जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर. जगात अशा तीव्रतेचे भूकंप दरवर्षी शंभरावर होतात आणि बहुतेकांची बातमीही होत नाही. इथं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली.

सास्तूर-किल्लारीकडून सोलापूरला यायचे दोन रस्ते. एक उमरगा-नळदुर्गावरून आणि दुसरा औसा-तुळजापूर-तामलवाडी असा. जखमींना सोलापूरच्या सिव्हिलला आणि लातूरला हलवण्यात आलं. उलट दिशेनं मदत निघाली. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी किल्लारीत पोहोचले. लष्कर आलं. मागोमाग भाकरी, पुऱ्या, ब्लँकेटं, जुने कपडे घेऊन ट्रक आले, आणि नुसतं बघायला आलेल्यांच्या गाड्याही आल्या. पाऊस लागला. कच्चे रस्ते गाड्यांनी भरून गेले. ज्यांना मदत हवी त्यांच्यापर्यंत पोहोचण्यात मदतीचीच अडचण होऊ लागली. रस्त्याकडेच्या गावाला दहा वेळा जेवण, आतल्या गावाला काहीच नाही, असं झालं.

प्रशासनाचा पहिला धडा हा होता आणि तो चोवीस तासांत गिरवावा लागला. नेहमीच्या कामात तहसील कचेरी वरून आलेला आदेश खाली पोहोचवते. इथं खालून वर येणारी माहितीच नव्हती. कोणत्या गावात किती माणसं उरली, कोणाला तंबू हवा, कोणाकडे जनावरं आहेत, कोणाची चूल पेटली नाही हे सांगणाऱ्या तलाठी-ग्रामसेवकांपैकी कित्येकांची स्वतःचीच घरं पडलेली. मग सरकारनं अनुभवी अधिकारी थेट गावांत नेऊन बसवले. जागच्या जागी निर्णय घ्यायची मुभा त्यांना मिळाली. फाईल नंतर येईल, पत्र्याचं शेड आज उभं राहू दे, हा प्रकार सरकारी कामकाजात एरवी दिसत नाही.

संकट एवढं मोठं की नेहमीची उतरंड बाजूला ठेवावी लागली. पुढच्या पाच-सहा वर्षांतलं सगळं काम मला याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतं: निर्णय कुठल्या पायरीवर घ्यायचा?

बावन्न गावं

जागतिक बँकेच्या कर्जासह राज्य सरकारनं जो पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला, त्यात गावांचे तीन गट पडले. जी पार जमीनदोस्त झाली अशी ५२ गावं नव्या जागी हलवायची. काही गावं होत्या जागीच पुन्हा बांधायची. आणि ज्यांना तडे गेले, भिंती फुगल्या, पण गाव उभं राहिलं अशी हजारो गावं, त्यांतल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं. पहिल्या गटाच्या बातम्या झाल्या. तिसरा गट दहापेक्षा जास्त जिल्ह्यांत पसरलेला होता, आणि घरांची संख्या तिथंच सर्वांत जास्त.

स्थलांतरित गावांत घाई होती आणि देणगीदारही पुष्कळ होते. अनेक संस्थांनी गावं दत्तक घेतली आणि आपापल्या पद्धतीनं बांधली. बाणेगावला मल्याळ मनोरमा वृत्तसमूहासाठी लॉरी बेकर यांनी आराखडा केला. गुबाळला घुमटाकार घरं उभी राहिली. बहुतेक ठिकाणी मात्र सरळ रेषेतले रुंद रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट आणि रांगेत घरं असा आराखडा आला. शहरातल्या वसाहतीसारखा.

घरं भक्कम होती, पण गाव अडखळलं. जुन्या गावठाणात घराला घर लागून होतं. दारात बसलेल्या बाईला चार शेजारणी हाकेच्या अंतरावर होत्या. नव्या गावात अंतरं वाढली. अंगण आणि गोठा यांचा मेळ बसेना. कडबा कुठं रचायचा, बैल कुठं बांधायचे, हा प्रश्न आराखडा काढणाऱ्याला पडला नव्हता, कारण त्याला तो कोणी सांगितला नव्हता. काही गावांचं शेत लांब पडलं. लांबच लांब रस्ते आणि नळाच्या वाहिन्या सांभाळायला ग्रामपंचायतीकडे पैसा पुरेना. पुढं लोकांनीच भिंती घातल्या, शेडं वाढवली, पडव्या काढल्या आणि वसाहतीचं गाव करून घेतलं.

हे बांधणाऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढणारी कुटुंबं समोर असताना घाई चुकीची नव्हती. पण घराचा निर्णय वर झाला, आणि दुरुस्त्यांची वर्षं खाली निघाली, हे खरं.

भिंतीच्या पोटात

दुरुस्तीच्या गावांमध्ये वेगळी गोष्ट घडली. ती समजायची तर इथली जुनी भिंत पाहायला हवी.

माळवदाच्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड असते, कधी त्याहून जास्त. बाहेरून पाहताना ती अखंड वाटते. प्रत्यक्षात ती दोन पदरांची असते: आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडाचे तुकडे आणि चिखल. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड जुने गवंडी घालत. तो मोठा, घडवलेला, म्हणून महाग. कमी खर्चात भिंत उठवताना तोच पहिल्यांदा गाळला जाई. वर लाकडी खांब-तुळयांवर माळवद, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला वर आणखी माती पडे. आजोबांच्या काळात वीतभर असलेला थर नातवाच्या काळात हातभर होई. जमीन हलली की दोन पदर एकमेकांपासून सुटत, बाहेरचा पदर गल्लीत आणि आतला झोपलेल्या माणसांवर. बऱ्याच ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला होता, मारलं ते दगड-मातीनं.

म्हणून दुरुस्तीचं तंत्र सोपं ठरलं. भिंतीत ठरावीक अंतरावर हलक्या हातानं एकेक दगड काढत आरपार भोक पाडायचं. ठोकाठोक करायची नाही, पहारीनं उचकायचं नाही. नाहीतर आसपासची भिंत सुटते. भोक दोन्ही तोंडांशी रुंद, मध्ये अरुंद ठेवायचं. त्यात दोन्ही टोकांना आकडी वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. ते आळलं की आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना धरून राहतात. कोपऱ्यांवर तारेची जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा. खांब-तुळईच्या सांध्यात तिरकी लाकडं. आणि माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. या सगळ्यात भारी सामान फारसं लागत नाही. गावातला गवंडी दोन दिवसांत शिकतो.

भारतीय मानक ब्युरोनं दगड-मातीच्या बांधकामाचे आणि दुरुस्तीचे मानक नेमके १९९३ मध्येच प्रसिद्ध केले होते, म्हणजे तंत्र हाताशी होतं. अडलं ते लोकांच्या मनात. ज्या दगडाखाली घरची माणसं गेली, त्या दगडाच्या भिंतीत पुन्हा झोपायचं कसं? अभियंता सांगे की भिंत बांधून घेतली तर ती वाचवील. ऐकणारा मान हलवी आणि दुरुस्तीच्या पैशातून विटा-सिमेंटची एक खोली उभी करी. दुरुस्ती कार्यक्रमातल्या बहुसंख्य कुटुंबांनी हाच मार्ग धरला. गावोगावच्या जोडखोल्यांची गोष्ट ही अशी आहे. दिवसा वावर जुन्या घरात, झोप नव्या खोलीत.

इथं कार्यक्रम राबवणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. एक, आमचंच तंत्र वापरा नाहीतर हप्ता नाही, असा हट्ट धरायचा. दुसरी, नवी खोली हवी तर घ्या, पण तिच्यात काँक्रीटचा भूकंपरोधक पट्टा, कोपऱ्याची सळई, दारावरची अखंड तुळई हे नियम पाळा, असं म्हणायचं. दुसरी वाट धरली गेली. पैसे हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या खात्यात, काम त्यानं करून घ्यायचं, टप्पा पाहून पुढचा हप्ता. ठेकेदार मध्ये नाही. घरमालकाच्या हाती घर ठेवून पुनर्बांधणी करण्याचा एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा हा आपल्याकडचा सुरुवातीचा प्रयोग.

संवाद सहायक

पण नियम सांगायचे कोणी? हजारो गावं, लाखाहून अधिक घरं आणि मोजके कनिष्ठ अभियंते. अभियंता गावात आला की पुरुषांशी बोले. घराचा कागद पुरुषाच्या नावावर, बँकेचं खातंही बहुधा त्याच्याच. आणि घरात दिवसभर वावरणारी, कुठून गळतं आणि कुठली भिंत फुगली हे सांगू शकणारी बाई आत.

सरकारनं या कामासाठी लोकसहभागाची जबाबदारी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला दिली. प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली ही संस्था तेव्हा लहान होती. तिनं बाहेरून कार्यकर्ते आणून गावात बसवले नाहीत. प्रत्येक गावातली एखादी बाई निवडली आणि तिला संवाद सहायक म्हटलं. बाराशेहून अधिक गावांमध्ये ही साखळी उभी राहिली. काम काय? घरोघर जाऊन माहिती सांगायची, यादी तपासायची, महिला मंडळ बोलवायचं, काम चालू असताना वाळू किती मिसळली, पट्टा घातला का, पाणी मारलं का ते पाहायचं, आणि अडलेला हप्ता का अडला हे तालुक्याला जाऊन विचारायचं.

मंडळाच्या बैठकीची वेळही ठरवताना शिकावं लागलं. दुपारी बाया रानात, संध्याकाळी चुलीशी. मग रात्री जेवणं उरकल्यावर देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर बसायचं. वाटेल ते बोललं जाई. कोणाचा पती हप्ता घेऊन आला आणि पैसे घरी आलेच नाहीत, कोणाच्या घरावर ‘किरकोळ’ असा शेरा पडला, कोणा विधवेचं नाव यादीतच नाही. एका बाईची तक्रार कचेरीत हरवते. चाळीस बायांची एकत्र गेली की साहेब बाहेर येतो.

याचा दुसरा परिणाम अभियंत्यांवर झाला. गावात कोणती अडचण कितीदा येते हे त्यांना पहिल्यांदा कळू लागलं. संस्था शिकते याचा अर्थ मला इथं सर्वांत स्पष्ट दिसतो. कचेरीत बसलेल्या माणसापर्यंत अडचण पोहोचण्याची वाट तयार झाली, आणि ती वाट ज्या बाईच्या अंगणातून सुरू होत होती तिला विचारल्याशिवाय काम पुढं सरकेना.

शिकलेलं पुढं कुठं गेलं

१९९८ च्या सुमाराला कार्यक्रम संपला. बहुतेक सरकारी कार्यक्रम संपतात तेव्हा गाडी परत जाते, पाटी उतरते, फाईल बांधली जाते. इथं काही गोष्टी मागे राहिल्या, काही लांब गेल्या.

बायांची मंडळं बचत गटांत बदलली. घर बांधताना पैशाचा हिशेब ठेवायला शिकलेल्या हातांनी बचतीची वही धरली. पुढं २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडं गेल्या. भाषा वेगळी, पण दगडाखाली काय जातं आणि शेडमध्ये पहिल्या पावसाळ्यात काय होतं, हे सांगायला त्यांना दुभाष्या फारसा लागला नाही. त्सुनामीनंतर तमिळनाडूतही हीच देवाणघेवाण झाली. ज्या बाईला १९९३ पूर्वी तालुक्याला एकटीनं जाणं माहीत नव्हतं, ती दुसऱ्या राज्यातल्या बाईला ‘यादी आधी बघ’ असं सांगू लागली.

भारतीय जैन संघटनेची वाट वेगळी. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली गेली. तातडीचा निवारा म्हणून सुरू झालेल्या या कामाला मुलं वाढत गेली तसं रूप बदलावं लागलं. वाघोलीला शैक्षणिक पुनर्वसनाचं मोठं केंद्र उभं राहिलं. भुजच्या भूकंपानंतर शाळा बांधायला ही संघटना गेली, तेव्हा लातूरचा अनुभव तिच्या हाताशी होता.

तुळजापूर तालुक्यातच, नळदुर्गाजवळ अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या बायांना प्राथमिक उपचार, बाळंतपण, कुपोषण यांचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ तयार केल्या. आशा योजना येण्याच्या कितीतरी आधी. इथंही निर्णय एका पायरीनं खाली आला. ताप आलेल्या पोराला आत्ता तालुक्याला न्यायचं की उद्या सकाळपर्यंत थांबता येईल, हे गावातली बाई ठरवू लागली.

सरकारही काही शिकलं. किल्लारीचा भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये मानक बदललं, तो सर्वांत खालचा पट्टाच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. महाराष्ट्रानं जिल्हावार आपत्ती आराखडे आणि नियंत्रण कक्षांचं काम देशात लवकर हाती घेतलं. गुजरातच्या भूकंपानंतर केंद्रानं आपत्ती व्यवस्थापनाची राष्ट्रीय समिती नेमली तेव्हा तिचं उपाध्यक्षपद शरद पवारांकडे आलं. पुढं २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला.

पाण्याची गाडी आणि एक एकर

भूकंप एका रात्रीत येतो. दुष्काळ सावकाश येतो, म्हणून त्याच्यातून शिकणं जास्त अवघड. दर वर्षी वाटतं, यंदा पडेल.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराचा नळ बंद झाला. रेल्वेनं तेव्हा केलेलं काम कोणत्याही व्यवस्थापनाच्या वर्गात सांगण्याजोगं आहे. तेल वाहून नेणाऱ्या टाक्या कोटा इथल्या कारखान्यात वाफेनं धुऊन पिण्याच्या पाण्यालायक केल्या. मिरजेला कृष्णेचं पाणी भरलं. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोहोचली, १० टाक्या, ५ लाख लिटर, ३४२ किलोमीटर. भरायला वेळ फार लागत होता, म्हणून मिरजेत नवी जलवाहिनी टाकली आणि मग ५० टाक्यांची गाडी धावू लागली. एकेका खेपेला सुमारे २५ लाख लिटर.

हे शिकणं खरंच होतं, वेगवानही होतं. पण पाऊस पडला, गाडी थांबली आणि उसाचं क्षेत्र पुन्हा वाढायला लागलं. कोणतं पीक किती पाणी पिईल, हा निर्णय जिथं होता तिथंच राहिला. रेल्वे शिकली. पाण्याचा कारभार मात्र होता तसाच राहिला.

त्याच वर्षांमध्ये तुळजापूर, धाराशिव, कळंब तालुक्यांत एक लहान गोष्ट वाढत होती. भूकंपानंतरच्या महिला मंडळांमधून वर आलेल्या बायांनी, स्वयं शिक्षण प्रयोगाच्या मदतीनं, घरच्या जमिनीतला अर्धा किंवा एक एकर आपल्या निर्णयासाठी मागायला सुरुवात केली. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे या कामातून पुढं आल्या. दुष्काळाचा त्यांचा हिशेब साधा होता. सोयाबीन किंवा ऊस बुडाला की पैसा बुडतो आणि पैसा बुडाला की घरातली भाजी बंद होते. मग बाई आणि पोरं शिळी भाकरी चटणीशी खातात. म्हणून त्या तुकड्यात आधी घराला लागेल ते पेरायचं: ज्वारी-बाजरी, तूर-मूग, मेथी-पालक, दोडका-कारली. एकाच वेळी नव्हे, आठवड्यांच्या अंतरानं, म्हणजे काही ना काही निघत राहतं. शेणखत आणि गांडूळखत घरचं, बी शक्यतो घरचं, पाणी तुषार किंवा ठिबकनं. उरलं तर आठवडी बाजारात.

अशा एका तुकड्याच्या बांधावर उभं राहिलं की शेती पाहण्याची आपली सवय मोडते. एक सलग पीक कुठंच नसतं. तूर उंच, तिच्या पायाशी मूग, कडेनं झेंडू, एका वाफ्यात कोथिंबीर कोवळी तर शेजारच्यात बीजाला सोडलेली. बाजूला शेणाच्या खड्ड्यावर गोणपाट झाकलेलं. नवरा बहुधा बाजूच्या सोयाबीनमध्ये असतो. जमीन मागताना त्याची समजूत कशी काढली, हे विचारलं की बाया हसतात. सगळ्यात टाकाऊ, मुरमाड कोपरा मागायचा आणि एक वर्ष मागायचा, हा त्यांचा अनुभव. त्या कोपऱ्यातून दुष्काळात भाजी निघाली की पुढच्या वर्षी कोणी परत मागत नाही.

२०१७ मध्ये स्वयं शिक्षण प्रयोगाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, तो प्रामुख्यानं या कामासाठी. पुरस्काराहून मोठी गोष्ट ही की १९९४-९५ मध्ये घराच्या पट्ट्यात सळई पडली का हे विचारायला शिकलेली साखळी वीस वर्षांनी शेतात काय पेरायचं हे विचारत होती. संकट बदललं, माणसं बऱ्याच प्रमाणात तीच, आणि निर्णय पुन्हा एक पायरी खाली.

देऊळ बंद होतं तेव्हा

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे तुळजाभवानीचं मंदिर बंद झालं. नवरात्र भाविकांविना पार पडलं. कोजागिरीला पायी येणाऱ्यांना मनाई झाली. हा रस्ता त्या पौर्णिमेला रिकामा होता. पुजारी, फुलवाले, लॉजवाले, परडी आणि कवड्यांच्या माळा विकणारे यांचं वर्षाचं उत्पन्न बुडालं. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यभरातली मंदिरं उघडली.

त्या महिन्यांत बचत गटांनी राज्यभर मास्क शिवले, आशा सेविकांनी घरोघर नोंदी घेतल्या, ग्रामपंचायतींनी शाळांमध्ये विलगीकरणाची सोय केली. कोण कोणाच्या घरी आलं, कोणाला खोकला, कोणाकडे किराणा संपला, ही माहिती गावांत खालून वर वाहत होती, अगदी भूकंपानंतरच्या वर्षांसारखी. मग साथ ओसरली. आशा सेविकांच्या वह्या तालुक्याला गेल्या. साथीसाठी गावोगाव नेमलेल्या ग्रामदक्षता समित्या ज्या आदेशानं जन्मल्या त्याच आदेशासोबत विरल्या. एवढ्या मोठ्या सरावानंतर गावाच्या हाती काय उरलं, तर फार थोडं.

मग शिकलं कोण?

या सगळ्यातून मी एका निष्कर्षाला आलो आहे. संकटात सगळ्याच संस्था बदलतात. तो बदल म्हणजे शिकणं नव्हे; जीव वाचवायला सगळेच धावतात. शिकणं दिसतं ते संकट ओसरल्यावर. आणीबाणीत जो निर्णय खालच्या माणसाकडे सोडला, तो नंतर परत वर ओढला का, एवढं एक पाहिलं की कळतं. घरदुरुस्तीत तो बराचसा खाली राहिला, म्हणून तिथून पुढच्या वीस वर्षांचं काम निघालं. पाण्याच्या बाबतीत तो खाली आलाच नाही. करोनात आला आणि परत गेला.

दुसरं असं की शिकलेलं कागदात टिकत नाही, माणसांत टिकतं, आणि त्या माणसांना दरम्यानच्या काळात काही काम असावं लागतं. संवाद सहायक टिकल्या, कारण त्यांना बचत गट मिळाला, मग शेती मिळाली. कोजागिरीची मंडळं टिकतात, कारण कोजागिरी दर वर्षी येते. ज्या समितीला पुढचं संकट येईपर्यंत काहीच काम नाही, ती पुढच्या संकटात सापडत नाही.

जिल्ह्याचा आपत्ती आराखडा जिल्हाधिकारी कचेरीत असतो. कायद्यानं तो असावाच लागतो. पण परंडा-भूमच्या पुरात पाहिलं तसं, पहिले काही तास गाव एकटं असतं. त्या तासांसाठी गावाचा स्वतःचा आराखडा हवा आणि तो गावाला पाठ हवा. रात्री शाळेची किल्ली कोणाकडे असते? गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी कोणी केली आहे? जुन्या माळवदाची, दोन पदरी भिंतीची किती घरं अजून वापरात आहेत? तलाठी येईपर्यंत ठरवायचं कोणी?

वाचकहो, तुम्ही शहरात असलात तरी तुमचं एक गाव असेल. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तिथं जा, एवढे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. उत्तर देताना बाया पुढं येत नसतील, तर सभा रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा.